चामखीळ कुणी घालवली?

सांगवीत तळपायाचं दुखणं आधी न्हाव्याच्या ओट्यावर जायचं, मग वैदूच्या झोळीकडे, मग एखाद्या जाणत्या म्हातारीच्या बिब्ब्याकडे आणि डॉक्टरकडे अगदी शेवटी. या रांगेत आमचं घर पहिलं. आबा, म्हणजे माझे आजोबा, जुन्या सांगवीचे बलुतेदार न्हावी. वडिलांनी दापोडीत गाळा घेऊन सलून टाकलं. मी डी.फार्म. झालो आणि नव्या सांगवीत मेडिकल उघडलं. तीन पिढ्यांत हातातला वस्तरा सुटला, लोकांचे तळपाय मात्र सुटले नाहीत. आजही दिवसाआड कुणीतरी काउंटरशी येऊन एका पायावर उभं राहतं, दुसरा पाय उचलून दाखवतं आणि म्हणतं, "काका, कुरुपाची पट्टी द्या."

निम्म्या वेळा ते कुरूप नसतं, चामखीळ असते. या दोन्हींचा इतिहास आमच्या घरातून गेला आहे, म्हणून तो लिहायचा. त्यातही चामखिळीचा जास्त, कारण कुरूप काढणाऱ्याने खरोखर काढलेलं असतं. चामखीळ जाते तेव्हा मात्र श्रेय घ्यायला सगळा गाव हजर असतो.

जुनी सांगवी मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेली. काळी जमीन, काठाला बाभळी, पायात वहाण असली तर असली. त्या काळी पायाची दुखणी ठरलेली होती: काटा, भेग आणि कुरूप. काटा आत मोडायचा, वर कातडं धरायचं आणि महिनाभरात तिथे टणक गाठ व्हायची. नदीपलीकडे खडकी. १८१७ च्या ५ नोव्हेंबरला तिथल्या मैदानावर पेशव्यांची फौज इंग्रजांशी लढली, मग छावणी पडली आणि १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. आमच्या बाजूची माणसं त्या कारखान्यात जाऊ लागली तशी त्यांच्या पायात बूट आले. आबा म्हणायचे, अनवाणी माणसाचं कुरूप टाचेला आणि बूटवाल्याचं बोटाला. वजन आणि घर्षण जिथे पडतं तिथे कातडी जाड होते, एवढाच त्याचा अर्थ. तो त्यांना पुस्तक न वाचता कळला होता.

आबांचं हत्यार नराणी. नखं काढायची ती लोखंडी पट्टी, पुढून चपटी, धार टोकाला. कुरुपवाला आला की आधी त्याचे पाय घमेल्यातल्या कोमट पाण्यात. चहा होईपर्यंत तसेच. मग पाय मांडीवर घेऊन, पंच्याने पुसून, नराणी जवळजवळ आडवी धरून कातडीचे पापुद्रे उतरवायचे. पापुद्रा इतका पातळ की त्यातून बोट दिसावं. जाड कडा उतरली की मधोमध काचेसारखा पिवळसर ठिपका दिसायचा. तो कुरुपाचा डोळा. नराणीचं टोक त्याच्या कडेने फिरवून तो अलगद उचलायचा. रक्ताचा थेंब नाही. माणूस उठून पाय टेकवून बघायचा, पुन्हा टेकवायचा आणि हसायचा. सुगीला खळ्यावर जे बलुतं मिळे, त्यात दाढी-डोईसोबत हेही आलं. वेगळे पैसे नाहीत.

पण कधी कधी दोन-तीन पापुद्रे उतरले की आबांचा हात थांबायचा. डोळ्याऐवजी तिथे काळे ठिपके दिसायचे, सुईने टोचल्यासारखे, आणि जरा पुढे गेलं की त्या प्रत्येक ठिपक्यातून रक्त. आबा नराणी बाजूला ठेवून सांगायचे, "हे आपलं काम नाही. ही चामखीळ." त्यांच्याकडे आणखी दोन खुणा होत्या. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. आणि बोटांच्या ठशासारख्या ज्या रेषा तळपायावर असतात, त्या कुरुपावरून सरळ जातात, चामखिळीपाशी तुटतात आणि तिला वळसा घालतात. मी डी.फार्म.ला असताना पुस्तकात हेच वाचलं. फरक एवढाच की पुस्तकाने कारण दिलं: काळे ठिपके म्हणजे चामखिळीत वर चढलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांत गोठलेलं रक्त. आमच्याकडे त्याला चामखिळीचं बी म्हणायचे.

वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांनाही हा भेद ठाऊक होता. सुश्रुताने किरकोळ रोगांच्या यादीत 'कदर' सांगितला आहे, खडा रुतून किंवा काटा लागून पायाला होणारी गाठ. तो शस्त्राने काढावा आणि जागा गरम तेलाने डागावी, असा उपाय. 'चर्मकील' त्याने वेगळा, मूळव्याधीच्या प्रकरणात सांगितला: कातडीवर उगवलेला खिळा. अशा वाढींना क्षार लावावा किंवा अग्नी. कापणं, जाळणं आणि खाणारं काहीतरी लावणं, हे तीन मार्ग तिथे पक्के झाले ते झालेच. पुढची दोन हजार वर्षं माणसांनी या तिन्हींत साधनं तेवढी बदलली.

गावातल्या साधनांची यादी मोठी होती. पहिला मान घोड्याच्या शेपटीच्या केसाचा. चामखिळीच्या देठाला तो घट्ट बांधायचा, रोज थोडा आवळायचा, आठवड्याभरात ती वाळून गळते. आमच्याकडे केस खडकी बाजारातल्या टांगेवाल्याकडून यायचे आणि आजी ते देव्हाऱ्याच्या मागे गुंडाळून ठेवायची. मानेवरच्या लोंबत्या चामखिळीला हा उपाय लागू पडायचा. रक्तपुरवठा तुटला की मांस मरतं, त्यात जादू काही नाही. तळपायाला मात्र तो कुचकामी. शरीराचं सगळं वजन चामखिळीला आत ढकलतं, ती बाहेर वाढायच्या ऐवजी आत चपटी होते, आणि बांधायला मान राहत नाही. म्हणून तळपायाला बिब्बा.

बिब्ब्याच्या टोकाला दाभण खुपसायचं, दिव्यावर धरायचं, काळं तेल सुटलं की तो थेंब नेमक्या जागी टेकवायचा. परीट ज्या रंगाने कपड्यांवर कधी न जाणारी खूण करायचा, तोच हा रस. कातडीवर पडला की फोड येतो, आणि एखाद्याला बिब्बा उतला तर अंगभर सूज, खाज आणि पाणी. मग तीळ-खोबरं वाटून लावायचं आणि ज्याने बिब्बा सांगितला त्याला शिव्या घालायच्या. दुसरा उपाय रुईचा चीक. तिसरा चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावायचा, जो मी आजही लोकांच्या पायावर बघतो आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो, कारण तो चामखीळ आणि चांगली कातडी यांत भेदभाव करत नाही. वैदू आले की त्यांच्या झोळीत आणखी मुळ्या, शिवाय तुंबडी. आणि ज्याला जाळून घ्यायचं धैर्य नसेल त्याच्यासाठी आजीचा उपाय: अमावास्येला मूठभर मीठ चामखिळीवरून उतरवून पवनेत सोडायचं आणि मागे न बघता घरी यायचं. मीठ विरघळेल तशी चामखीळ विरघळेल.

गंमत अशी की आजीच्या मिठानेही चामखिळी जायच्या. लगेच नाही, पण जायच्या. बिब्ब्याने जायच्या, चुन्याने जायच्या, आणि ज्या पोराला काहीच केलं नाही त्याच्याही एके दिवशी जायच्या. म्हणून प्रत्येक आळीत चामखिळीचा एक उस्ताद होता आणि प्रत्येकाकडे साक्षीदार.

हे खूळ फक्त आमच्या गावचं नव्हे. प्रयोग करून बघितल्याशिवाय काही मानू नका, असं युरोपला शिकवणारा इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन याची गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर १६२७ मध्ये छापून आली. त्याच्या बोटावर लहानपणापासून एक चामखीळ होती. सोळाएक वर्षांचा असताना पॅरिसमध्ये हातांवर शंभरावर चामखिळी उठल्या. इंग्रज राजदूताच्या बायकोने डुकराच्या चरबीचा सालासकट तुकडा त्यांवर घासला आणि खिडकीच्या चौकटीला दक्षिणेकडे तोंड करून खिळ्याने ठोकला. पाच आठवड्यांत सगळ्या चामखिळी गेल्या. नव्या गेल्या याचं बेकनला फार नवल वाटलं नाही. जशा आल्या तशा गेल्या असतील, असं तो म्हणतो. पण लहानपणापासूनची ती जुनीही त्यांच्यासोबत गेली, हे त्याला उलगडेना. खरं गुपित त्या जुन्या चामखिळीतच होतं. एक उठली तेव्हा शरीर झोपलं होतं, शंभर उठल्या तेव्हा जागं झालं आणि सगळ्यांचा एकदम निकाल लावला.

ते झोपणं-जागणं समजायला विसावं शतक उजाडलं. १९०७ मध्ये चुफो नावाच्या इटालियन डॉक्टरने चामखीळ वाटली, जिवाणू अडतील अशा गाळणीतून तो रस गाळला आणि टोचला, तरी नवी चामखीळ उठली. म्हणजे कारण जिवाणूहून बारीक. १९४९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते कण दिसले. हाच पॅपिलोमा विषाणूंचा गोतावळा. त्याच घरातल्या काही जातींचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझन यांना २००८ चं नोबेल मिळालं. तळपायाच्या जाती त्यांचे निरुपद्रवी भाऊबंद. ओल्या, मऊ झालेल्या कातडीला बारीकशी चीर असली की विषाणू आत शिरतो आणि कातडीच्या वरच्या थरातच राहतो. तो रक्तात उतरत नाही, ताप आणत नाही, पेशी फोडून गोंधळ घालत नाही. त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना महिनोन्‌महिने पत्ताच नसतो. पत्ता लागला की ते चामखीळ साफ करतात. १९६३ मधल्या एका प्रसिद्ध निरीक्षणात काहीही उपचार न करता मुलांच्या दोनतृतीयांश चामखिळी दोन वर्षांत गेल्या होत्या. आमच्या गावातल्या सगळ्या उस्तादांचं यश या एका आकड्यात बसतं.

विषाणू कळला तरी लोकांची श्रद्धा आधी पेनिसिलिनवर बसली, आणि इथे ते साहजिक होतं. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झालं, देशातलं पेनिसिलिन आमच्या शेजारी बनू लागलं, आणि ज्याचा भाऊ-मेहुणा तिथे कामाला त्याला वाटायचं की इंजेक्शनने कुठलंही दुखणं जावं. पेनिसिलिन जिवाणूची भिंत मोडतं. विषाणूला भिंतच नसते, मग मोडणार काय? आजही मलम मागायला येणाऱ्यांना मी हे सांगतो आणि निम्म्यांना पटत नाही.

मग कारखाने आले. १९६२ मध्ये एमआयडीसी, १९६६ मध्ये टेल्को, पुढे भोसरी, आणि अलीकडे चाकणपर्यंत सगळा पट्टा. शेतकऱ्याची पोरं सेफ्टी शूजमध्ये आठ-आठ तास उभी राहू लागली. लोखंडी टोपीचा बूट, नायलॉनचा मोजा, पावसाळ्यात वाळायला वेळ न मिळालेला बूट दुसऱ्या दिवशी तसाच पायात, पाळी संपली की सगळ्यांची एकाच ओल्या फरशीवर आंघोळ. विषाणूला आणखी काय हवं? वडिलांच्या सलूनमध्ये शनिवारी-रविवारी हीच पोरं यायची. वडील कटिंग करता करता पायाकडेही बघायचे. शरीरात रोग नेमका कुठून शिरतो याची त्यांना फार धास्ती होती. १९८६ मध्ये देशात एचआयव्ही पहिल्यांदा आढळला, आणि नव्वदच्या दशकात ती बातमी सलूनच्या आरशापर्यंत पोचली. वस्तऱ्याच्या जागी अर्धं ब्लेड आलं, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं. त्याच सुमारास वडिलांनी आबांची नराणीही बंद केली. एकाच्या चामखिळीचं रक्त लागलेलं लोखंड दुसऱ्याच्या कुरुपाला लावलं की काय होतं, हे त्यांना तोवर कळलं होतं. आमच्या घरातला तो धंदा असा बंद पडला.

त्याची जागा माझ्या काउंटरने घेतली. कॉर्न कॅप म्हणजे मधे भोक असलेली मऊ गादी आणि त्या भोकात चाळीस टक्के सॅलिसिलिक आम्लाचा ठिपका. बाटलीतल्या औषधात तेच आम्ल आणि लॅक्टिक आम्ल, दोन्ही साधारण सोळा-सतरा टक्के, कोलोडियन नावाच्या चिकट द्रावात. लावलं की पांढरा पापुद्रा धरतो. हे कोलोडियन म्हणजे कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेली वस्तू. बंदुकीच्या धूरविरहित दारूची सख्खी बहीण. खडकीच्या कारखान्यात जन्म काढलेल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी बाटली हुंगली आणि म्हणाले, "वास ओळखीचा आहे." सॅलिसिलिक आम्ल एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या कारखान्यांत स्वस्तात बनू लागलं. ते विषाणूला मारत नाही, मेलेल्या कातडीचे थर सोडवतं. आबांची नराणी जे काम एका बैठकीत करायची ते हे आम्ल महिना-दोन महिन्यांत करतं. त्याची रीत मी प्रत्येकाला सांगतो: रात्री पाय कोमट पाण्यात, मग कानसीने घासायचं, ती कानस दुसऱ्या कुणी वापरायची नाही, भोवती व्हॅसलीन, मधे औषध. रोज. लोक चार दिवस करतात, पाचव्या दिवशी बाटली टीव्हीखालच्या कप्प्यात जाते.

गारठवण्याचा उपाय त्यानंतर आला. द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. आमच्या भागातल्या गवळ्यांना ते भांडं चामडीच्या डॉक्टरच्या आधी माहीत होतं, कारण गाईच्या कृत्रिम रेतनाचं वीर्य त्यातच गोठवून येतं. १९६७ मध्ये उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी बाएफ ही संस्था सुरू केली आणि पुढे ती वाफाळणारी भांडी गावोगाव फिरली. दवाखान्यात त्याचा फवारा पायावर मारतात, आधी पांढरं पडतं, मग ठणकतं, मग फोड. एका परीने बिब्बाच, फक्त थंड. पण तो आम्लापेक्षा भारी का? २०११ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधल्या २४० माणसांवर केलेली ही तुलना प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत फक्त १४ टक्के लोकांच्या तळपायाच्या चामखिळी पूर्ण गेल्या होत्या. महागडं भांडं आणि आम्ल सारखीच निघाली, आणि दोघांचीही फार फुशारकी मारण्यासारखी स्थिती नव्हती.

अलीकडे डॉक्टरांनी वेगळी वाट धरली आहे, आणि ती मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. चामखीळ जाळण्यापेक्षा पहारेकऱ्याला हाक मारायची. २००९ मध्ये कर्नाटकातल्या दावणगेरेच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच चामखिळीचा कण काढून त्याच्याच हाताच्या कातडीखाली पुरण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. शत्रू खोलवर दिसला की शरीर जागं होतं आणि बऱ्याच जणांच्या इतर ठिकाणच्या चामखिळीही जातात. बेकनचं कोडं असं सुटलं. आता गोवर-गालगुंड-रुबेला ही लहान मुलांची लसही एखाद्या चामखिळीत टोचतात, त्याच कारणासाठी. ही लस बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांपैकी एक आपल्याच हडपसरला, सीरम इन्स्टिट्यूट, १९६६ चा. पूनावालांचा तो धंदा घोड्यांच्या पागेतून निघाला, घोड्याच्या रक्तापासून धनुर्वाताचं औषध करण्यापासून. घोड्याच्या शेपटीपासून सुरू झालेला आमचा इलाज घोड्यांच्याच अंगणात जाऊन पोचला, हा निव्वळ योगायोग. पण आजीला सांगितला असता तर तिने तो योगायोग मानला नसता.

आज काउंटरवर कुणी पाय उचलून दाखवला की मी आधी विचारतो, साखर आहे का? असेल तर कॉर्न कॅप मागूनही देत नाही. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, आम्ल चांगली कातडी खातं, माणसाला दुखत नाही, आणि मग जखम भरत नाही. मग विचारतो, डाग काळा आहे का, पसरतोय का, नखाखाली रेघ आहे का? आपल्याकडे त्वचेचा मेलानोमा हा कर्करोग बऱ्याचदा तळपायावरच निघतो, आणि चामखीळ समजून त्यावर चुना लावणारे थोडे नाहीत. या दोन्हींना चिठ्ठी देऊन औंधच्या जिल्हा रुग्णालयात नाहीतर पिंपरीच्या वायसीएममध्ये पाठवतो. उरतं ते शाळेतलं पोर, पोहायच्या तलावावरून आलेलं, टाचेला एक चामखीळ. दुखत नसेल तर त्याच्या आईला मी सांगतो, ओल्या फरशीवर चप्पल घाल, टॉवेल वेगळा ठेव, आणि वाट बघ.

आईला हे आवडत नाही. पैसे मोजायला तयार असलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवणारा दुकानदार तिला संशयास्पद वाटतो. ती शेजारच्या गल्लीत जाते, तिथे कुणीतरी रुईचा चीक सांगतं, आणि काही महिन्यांनी चामखीळ जाते. श्रेय रुईला मिळतं. माझी हरकत नाही. रुईचा चीक पोराच्या डोळ्यात गेला नाही म्हणजे झालं.